मागच्या चाकाखालची काडेपेटी

आगरदांड्याहून फेरीबोटीत सायकल घालून दिघीला उतरलं, की खाडीचा वारा मागे राहतो आणि चढ सुरू होतो. डांबरी रस्ता सोडून एखाद्या लाल गाडीवाटेला लागायचं. मार्चमधली सकाळ असते, साडेआठलाच ऊन चटका देऊ लागतं. चढ जरा खडा झाला म्हणून उभं राहून पेडल दाबावं, तर मागचं चाक अचानक हलकं होतं आणि जागच्या जागी फिरतं. खर्र असा आवाज येतो, लाल खडे मागे उडतात आणि सायकल आहे तिथेच राहते. पायांत जोर आहे, साखळी ताणलेली आहे, गिअरही बरोबर आहे. मग लावलेला जोर गेला कुठे?

या प्रश्नाने मला एका फार सुंदर गोष्टीपाशी नेलं. ती गोष्ट म्हणजे टायर आणि जमीन जिथे भेटतात ती जागा. ती केवढी असते हे घरबसल्या काढता येतं. समजा, स्वार आणि सायकल मिळून ८० किलो आहेत. साधारण ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो, म्हणजे ४८ किलो. टायरमध्ये हवा ४० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २.८ किलोचा दाब. आतली हवा ४८ किलो पेलते, तर तिला टेकायला ४८ भागिले २.८, म्हणजे सुमारे १७ चौरस सेंटिमीटर जागा लागते. घरातली साधी काडेपेटी घ्या आणि तिचा वरचा चेहरा मोजा. तेवढीच भरते.

चढावर आपण लावलेला सगळा जोर, उतारावर मागचा ब्रेक दाबल्यावर होणारी सगळी ओढाताण, हे सगळं त्या काडेपेटीएवढ्या रबरातून जमिनीत उतरतं. १०० मीटरला १५ मीटर चढणारी वाट असेल, तर ८० किलो वर नेण्यासाठी या काडेपेटीला सतत १२ किलोचा ढकलता जोर जमिनीला द्यावा लागतो. शिवाय पाय काही मोटरसारखे सारखे फिरत नाहीत. पेडल आडवं आलं की जोर उसळतो, उभं आलं की जवळजवळ संपतो. त्या उसळीत १२ किलोचे कितीतरी जास्त होतात. चाक सुटतं ते नेमकं त्याच क्षणी, पुढचं पेडल आडवं येताना. पुढच्या वेळी चाक सुटलं की पाय कुठे आहे ते बघा.

याच गणितात एक फुकटची भेट दडलेली आहे. हवा ४० वरून ३० पीएसआयवर आणली, तर जागा १७ वरून जवळजवळ २३ चौरस सेंटिमीटर होते. एक रुपयाही न खर्चता काडेपेटी तिसऱ्या हिश्श्याने वाढली. प्रत्यक्षात टायरचं कापडही थोडा भार उचलतं, त्यामुळे आकडे तंतोतंत जुळत नाहीत, पण कल तोच राहतो. म्हणून नवीन टायरच्या दुकानात जाण्याआधी मी प्रत्येकाला काटा असलेला पंप घ्यायला सांगतो. हवा किती आहे हेच माहीत नसेल, तर टायरची नक्षी चांगली की वाईट हे कळणारच नाही. एक गंमत ध्यानात ठेवायची. सकाळी ३० अंश तापमानात ३० पीएसआय भरून निघालात आणि काळा टायर दुपारच्या उन्हात ५० अंशांपर्यंत तापला, तर आतली हवा फुगून काटा ३३ च्या आसपास जातो. किनाऱ्यावर सायकल सावलीत लावायची ती एवढ्यासाठीही.

आता काडेपेटीच्या खाली काय आहे ते बघू. रायगडच्या किनाऱ्याची खरी श्रीमंती इथेच आहे.

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन या बाजूला जो लाल दगड दिसतो तो जांभा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या पोटातून लाव्हा वाहिला आणि त्याचा काळा कातळ झाला. त्या कातळावर कोकणाचा पाऊस युगानुयुगं पडत राहिला. पावसाने दगडातलं जे विरघळण्यासारखं होतं ते धुऊन समुद्रात नेलं, आणि जे विरघळत नाही ते लोखंड आणि ॲल्युमिनियम मागे उरलं. जांभ्याचा लाल रंग म्हणजे गंजच. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन या इंग्रजी चाकरीतल्या वैद्याने मलबारमधल्या याच दगडाला विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून लॅटेराइट हे नाव दिलं, कारण तो खाणीतून ताजा काढला की कुऱ्हाडीसारख्या हत्याराने विटेगत कापता येतो आणि वाऱ्या-उन्हात टणक होतो. आपल्याकडे चिरेखाणीत राबणाऱ्यांच्या हातांना हे केव्हापासून ठाऊक आहे! घर बांधायचा चिरा आणि चाकाखालची वाट, दोन्ही एकाच दगडाची.

सायकलच्या टायरला मात्र जांभा दोन तोंडांनी भेटतो. खालचा थर कानशीसारखा खरखरीत आणि कठीण. त्यावर रबर टेकलं तर पकड अशी बसते, की काळजीच नको. पण ऑक्टोबरात पाऊस गेला की वरचा थर सुटायला लागतो. त्यातून हरभऱ्याएवढे, वाटाण्याएवढे गोल लाल खडे निघतात आणि बैलगाड्या, रिक्षा, डंपर त्यांचा चुरा करून वाटेवर बारीक फुफाटा पसरवतात. एप्रिलपर्यंत कठीण फरशीवर मणी सांडावेत तशी वाटेची अवस्था होते. मघाशी चढावर हरवलेला जोर त्या मण्यांनी खाल्ला. रबर कानशीपर्यंत पोचलंच नाही, मधल्या मध्ये खडे लोळले.

रबर पकड घेतं ती दोन प्रकारे. एक म्हणजे ते पृष्ठभागाला अगदी रेणूंच्या पातळीवर चिकटू पाहतं. दुसरं म्हणजे ते दगडाच्या सूक्ष्म उंचवट्यांभोवती दबतं आणि पुन्हा आपल्या आकाराला यायला वेळ लावतं. त्या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते आणि तीच घर्षण म्हणून आपल्या कामी येते. के. ए. ग्रॉश या शास्त्रज्ञाने १९६३ साली प्रयोगांनी दाखवलं, की रबराचं घर्षण आणि त्याचा हा चिवट-लवचिक स्वभाव एकमेकांशी घट्ट बांधलेले आहेत. धूळ यातला पहिला मार्ग जवळजवळ बंद करते. पीठ लागलेल्या पोळपाटाला कणीक चिकटत नाही, तसंच हे. मग उरतो दुसरा मार्ग, आणि तिसरा, रबराचा नव्हे तर नक्षीचा, म्हणजे टायरवरच्या उंचवट्यांच्या, बटणांच्या, कडा. या कडा धूळ बाजूला सारून खाली खऱ्या दगडाला जाऊन भिडतात.

म्हणून कोरड्या दिवसांच्या मागच्या टायरची नक्षी कशी हवी याचं उत्तर जांभाच देतो. बटणं बुटकी, दोन-अडीच मिलिमीटरची, आणि जवळजवळ बसवलेली हवीत. त्यामुळे काडेपेटीच्या जागेत एकाच वेळी पुष्कळ कडा येतात आणि त्यांतल्या चार-सहा तरी खड्यांच्या मधून खाली पोचतात. पावसाळी टायरची बटणं चार-पाच मिलिमीटर उंच आणि विरळ असतात. चिखलात ती खोल रुततात आणि फिरताना चिखल झटकतात, त्यासाठीच ती तशी असतात. पण कठीण जांभ्यावर रुतायला जागा कुठे? तिथे उंच बटणं जोर आला की वाकतात, प्रत्येक फेरीत लवतात आणि उठतात. त्या लवण्यात आपली ताकद उष्णता होऊन जाते आणि वर बटणाच्या बुडाशी चिरा पडतात.

एका वर्षी मी दिवाळीनंतरही पावसाळी टायर तसाच ठेवला होता. चौलजवळच्या सायकलवाल्या काकांनी बटणांवरून अंगठा फिरवला आणि एवढंच म्हणाले, "हा पावसाचा. आता कशाला घातलाय?" मधली बटणं एका बाजूने खाल्ली गेली होती, दोन-तीन तर मुळापासून निघाली होती. चार महिने मी सायकल नाही, जणू झाडू चालवत होतो.

उलट टोकाला असतो मधे गुळगुळीत आणि कडांना बटणं असा टायर. डांबरीवर तो मस्त पळतो आणि स्वस्तही मिळतो. पण सुट्या खड्यांच्या चढावर तो मण्यांवर तरंगतो. दिघीच्या बाजूचे चढ चढायचे असतील तर मी तो घेणार नाही. अलिबाग ते मुरूड डांबरीवरून जायचं आणि अधूनमधून वाडीत शिरायचं असेल, तर बेशक घ्यावा.

किनारा म्हटलं की लोकांना वाळू आठवते, आणि टायर विचारायला येणारे बहुतेक जण "बीचवर चालेल का?" असंच विचारतात. वाळूचं कोडं तर त्याहून अद्भुत आहे. नागाव, किहीम, काशीद, कुठेही ओहोटीला गेलात की पाण्याजवळची ओली करडी वाळू रस्त्यासारखी घट्ट लागते. पाऊल टेकलं की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, हे लहानपणी सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं कारण ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८८५ साली सांगितलं. लाटांनी ठोकून बसवलेले वाळूचे कण इतके दाट असतात, की त्यांना हलायचं तर एकमेकांवर चढावं लागतं. त्यामुळे त्यांच्यामधल्या फटी मोठ्या होतात, वरचं पाणी आत ओढलं जातं, पृष्ठभाग कोरडा दिसतो, आणि आत ओढलेलं ते पाणीच कणांना जखडून धरतं. म्हणजे दाबल्यावर वाळू नरम न पडता कडक होते! त्या पट्ट्यावर कुठलाही टायर चालतो. तिथून दहा पावलं वर, कोरड्या भुसभुशीत वाळूत, जखडणारं पाणी नाही. तिथे नक्षीचा काही उपयोग नाही, फक्त रुंदी आणि कमी हवा कामी येते. तेव्हा वाळूसाठी टायर निवडू नका. वाळूचा प्रश्न ओहोटीचं वेळापत्रक सोडवतं. टायर निवडायचा तो जांभ्यासाठी. (आणि किनाऱ्यावरून आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुऊन तेल घाला, ही हात जोडून विनंती.)

वाळूच्या वर सुरूचं बन लागतं. त्याच्या सावलीत सुयांसारख्या वाळक्या काड्यांचा जाड थर असतो आणि त्यात सुरूची छोटी, काटेरी, लाकडासारखी फळं लपलेली असतात. वळताना तिथे मागचं चाक हमखास सरकतं. घाबरायचं कारण नाही. मागचं चाक सरकलं तर सायकल थोडी आडवी होते आणि अंग आपोआप सावरतं. पुढचं सरकलं तर माणूस खालीच येतो. कमी पैशात टायर घेताना हा फरक फार मोलाचा आहे. चांगलं, मऊ, महागडं रबर परवडणार असेल तर ते पुढे लावायचं. मागे कडक रबर चालतं.

कडक रबर मागे फक्त चालतं असं नाही, कोरड्या दिवसांत ते जास्त बरं ठरतं. मला सर्वांत आवडणारा योगायोग हाच. रबराचा कडकपणा सुई दाबून मोजतात. आकडा ५० च्या आसपास असेल तर रबर मऊ आणि पकड घेणारं, ७० च्या आसपास असेल तर कडक. मऊ रबर ओल्या, बुळबुळीत दगडावर जीव वाचवतं, पण जांभ्याच्या कानशीवर ते खोडरबरासारखं झिजतं. मागच्या चाकावर भारही जास्त आणि पायांचा ढकलता जोरही तिथेच, त्यामुळे मागचा टायर पुढच्यापेक्षा कितीतरी लवकर गोटा होतो. शिवाय भार जास्त असल्याने रबर लवण्यात जाणारी ताकदही मागेच जास्त जाते. म्हणजे झीज, वेग आणि पैसा हे तिघे इथे एकाच बाजूला उभे राहतात आणि साधं, कडक, स्वस्त रबरच मागतात. ओल्या दगडावर पकड देणारी महागडी मिश्रणं ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत आपल्या मागच्या चाकाला कामाची नाहीत.

टायरचा काळा रंगही असाच कामाचा आहे. झाडाचा चीक पांढरा असतो आणि सुरुवातीचे टायरही फिकट रंगाचे होते. विसाव्या शतकाच्या आरंभी रबरात काजळी मिसळायला लागले आणि टायरचं आयुष्य कित्येक पटींनी वाढलं. आपल्या कानशीवर टायर काही महिने तरी टिकतो तो त्या काजळीच्या जोरावर.

मग पैसे कुठे वाचवू नयेत? कापडात. टायर फाडून पाहिलात तर रबराखाली धाग्यांचे थर दिसतात. त्याला कारागीर कापड म्हणतात, पण ते विणलेलं नसतं. एका थरातले सगळे धागे समांतर तिरके, दुसऱ्या थरातले उलट बाजूला तिरके, मधे रबर. जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या पशुवैद्याने १८८८ साली हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. त्या सुरुवातीच्या काळात विणलेलं कापड वापरत, आणि त्यातले उभे-आडवे धागे प्रत्येक फेरीत एकमेकांवर घासून एकमेकांना कापत. धागे वेगवेगळे थर करून मांडले आणि ते भांडण मिटलं. टायरवर किंवा वेष्टनावर दर इंचाला किती धागे ते लिहिलेलं असतं. ३० असतील तर धागे जाड, टायर जड, पण सोशीक. ६० असतील तर टायर दगडाला जास्त मोकळेपणाने वळसा घालतो. मी ६० चा घेतो. १२० च्या फार तलम टायरच्या बाजू जांभ्याच्या धारदार कडांपुढे टिकत नाहीत. करवंदी, बोरी, बाभळीचा काटा मात्र ३० काय आणि १२० काय, कोणालाच जुमानत नाही. त्याच्यासाठी ट्यूबमध्ये पंक्चर बुजवणारं द्रव्य किंवा टायरच्या आत पट्टी हाच उपाय.

दुसरी बचत टायरच्या कडेत आहे. रिममध्ये अडकणाऱ्या कडेत पोलादी तार असते किंवा केवलारचा धागा असतो. १९६५ साली स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी शोधलेल्या, पोलादाशी टक्कर देणाऱ्या धाग्याच्या कुळातला हा. त्याचा टायर घडी करून ठेवता येतो. तारेचा टायर थोडा जड असतो आणि घडी होत नाही, पण त्याच नक्षीच्या घडीच्या टायरच्या बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास किमतीला पडतो. कोरड्या दिवसांच्या मागच्या चाकाला तारेचा टायर पुरतो. फक्त तो ट्यूबशिवाय चालवायचा हट्ट धरू नका, आणि ट्यूब असेल तर हवा फार उतरवू नका. दगडावर आदळून रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटली, की सापाच्या दातांसारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. साधारण वजनाच्या माणसाने मागे ३० च्या खाली जाऊ नये, असं मला वाटतं.

नावं विचारलीत, तर केंडाचा स्मॉल ब्लॉक एट, काँटिनेंटलचा रेस किंग, श्वाल्बेचा रॅपिड रॉब हे साध्या तारेच्या रूपातही निघालेले आणि कोरड्या जमिनीला मानवणारे टायर. त्यांतला पहिला बुटक्या, दाट बटणांचा अगदी नमुनाच. लुधियाना आणि हैदराबादचे देशी कारखानेही बटणांचे टायर बनवतात आणि ते गावोगाव मिळतात. नाव काही असो, अंगठा फिरवून बटणांची उंची आणि दाटी बघा.

आणि आकडे वाचा. इथे एक विलक्षण सापळा आहे. दुकानात "सव्वीसचा द्या" म्हणून चालत नाही. २६ × १½ आणि २६ × १.५० हे दोन्ही आकडे गणितात एकच, पण टायर वेगळे! पहिल्याच्या कडेचा व्यास ५८४ मिलिमीटर, दुसऱ्याचा ५५९. एक दुसऱ्याच्या रिमवर बसणं शक्य नाही. अपूर्णांकातले आकडे जुन्या सरळ सायकलींचे, दशांशातले जाड टायरच्या अमेरिकी सायकलींचे. श्विन कंपनीने १९३३ साली बाजारात आणलेला फुगीर टायर २६ × २.१२५ होता. चाळीसेक वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातल्या पोरांनी तसल्याच फुगीर टायरच्या भंगारातल्या सायकली माउंट टॅमलपायसच्या उतारांवरून सोडायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्याच परगण्यात पहिली रिपॅक शर्यत झाली. एका फेरीत ब्रेकचं ग्रीस जळून जायचं आणि हब उघडून पुन्हा भरावं लागायचं, म्हणून ते नाव. उन्हाळ्यात सुकलेली धुळकट मातीची वाट, खाली कठीण आणि वर सुटे खडे. माउंटन बायकिंग जन्मलं तेच अशा कोरड्या जमिनीवर. ५५९ हा आकडा त्या डोंगरांवरून जगभर पसरला, आपल्या तालुक्याच्या दुकानापर्यंत. पुढे साडेसत्तावीसच्या नावाने आलेली चाकं ५८४ ची निघाली, म्हणजे आजोबांच्या जुन्या मापाचीच, आणि एकोणतीसची ६२२ ची. टायरच्या बाजूला ५२-५५९ असे दोन आकडे शेजारी शेजारी कोरलेले असतात. रुंदी आणि कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. तेच लिहून न्या.

सगळ्यांत स्वस्त टायर मात्र दुकानात नसतो. तो आपल्याच सायकलीच्या पुढच्या चाकावर असतो. पावसाळा काढलेला पुढचा टायर ऑक्टोबरात बघा. मधली बटणं झिजून बुटकी झालेली, कडेची शाबूत, कापड ठणठणीत. म्हणजे जवळजवळ कोरड्या दिवसांच्या मागच्या टायरचीच नक्षी, पावसाने आणि जांभ्याने मिळून कोरलेली. तो मागे टाकायचा आणि पैसे पुढच्या नव्या टायरला ठेवायचे. उलट कधी करायचं नाही, जुना पुढे नको. मागे लावताना बाजूचा बाण बघा. काही टायरांवर पुढच्या चाकासाठी एक आणि मागच्यासाठी उलट्या दिशेचा, असे दोन बाण असतात. पुढच्या चाकाचं काम थांबवणं आणि मागच्याचं ढकलणं, म्हणून बटणाची खडी कड एकीकडे समोर आणि दुसरीकडे मागे लागते.

मी गेल्या कोजागिरीला तसंच केलं. ३२ पीएसआय हवा भरली, अंगणात टायरवर खडू फासला आणि सायकलवर बसून फरशीवर एकदाच चाक टेकवून उचललं. फरशीवर पांढऱ्या ठिपक्यांचा एक छोटा लंबगोल उमटला. शेजारी काडेपेटी ठेवून पाहिली. ठिपके तिच्या कडेबाहेर चारही बाजूंनी थोडे थोडे डोकावत होते.